चोरटा श्वास

४ फेब्रुवारी

सुईबाईस भोंग्याचा भरघोस आशीर्वाद.

फोन उचलत नाही म्हणून बोंब मारू नकोस. उचलून करू काय? जन्मभर ट्रम्पेटशेजारी कान ठेवल्यावर फोनमधलं बोलणं मला डब्यात अडकलेल्या माशीसारखं ऐकू येतं. मग तुझा बाप बाजूला उभा राहून तुझं बोलणं मला ओरडून सांगतो आणि मध्ये स्वतःचं घुसडतो. परवा तू काय म्हणालीस देव जाणे, त्याने सांगितलं, "ती म्हणतेय, ताईला कळत नाही काही." तू असं म्हणणार नाहीस. निदान माझ्या तोंडावर तरी नाही. तेव्हा आपली पत्रंच बरी.

बातम्या दोन आहेत. गोड आधी. मला बँडमधली पहिली खुर्ची मिळाली! आमचे म्हातारबुवा दात हलायला लागले म्हणून उठले आणि बँडमास्तरांनी सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट केलं. इतकी वर्षं दुसऱ्या खुर्चीत बसून त्यांच्या मागून पुं-पुं करत होते गं मी! आता जूनच्या कार्यक्रमात बागेतल्या मंचावर एकटीने उभं राहून ती संथ चाल वाजवायची. तुझ्या बापाने मागच्या रांगेतून मोठ्या ड्रमवर असा दणका दिला की मास्तरांच्या हातातली काठी पडली.

आता दुसरी. जुन्या काविळीपायी माझ्या पोटाची दर वर्षी सोनोग्राफी होते, हे तुला माहीत आहे. तिथली बाई एरवी तिच्या सुनेबद्दल अखंड बोलते. या वेळी मध्येच गप्प झाली. तेव्हाच मी ओळखलं. मग मोठा स्कॅन झाला. लिव्हरमध्ये गाठ आहे, मोठ्या द्राक्षाएवढी, आणि वाईट जातीची.

सर्जन भला माणूस आहे. त्याने माझ्या पोटावर हवेतल्या हवेत बोटाने रेघ ओढून दाखवली, बरगडीखालून या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी विचारलं, "पोटाने जोर कधी लावायचा?" म्हणाला, "काही महिने तरी विसरा." काही महिने! आठवडाभर फुंकलं नाही की ओठ बिघडतात बाई. तोवर खुर्चीत दुसरा कोणी बसलेला असेल आणि मी टाळ्या वाजवायला.

लहानपणी सगळ्या घरादाराच्या पायातले काटे तू सुईने काढायचीस. आता म्हणे गाठीसुद्धा सुईनेच जाळतेस. माझ्यासारखीला चालतं का ते? खरं सांग. मला जीव पण पाहिजे आणि खुर्ची पण.

तुझी,
भोंगाआत्या

---

१२ फेब्रुवारी

लाडक्या भोंग्या,

पहिली खुर्ची! मी पत्र जिन्यात उभी राहून वाचत होते आणि पहिल्या पानावरच ओरडले. खालच्या मजल्यावरच्या काकू लाटणं घेऊन बाहेर आल्या. मग दुसरं पान वाचलं आणि पायरीवर बसले. काकूंनी पाणी दिलं. खोटं कशाला सांगू, थोडी रडले. पण ते झालं, आता कामाचं बोलू.

हो, चालतं! म्हणजे चालू शकतं. मी तुझी डॉक्टर नाही, भाची आहे, आणि ठरवायचं तिथल्या डॉक्टरांनी. पण गाठ लहान आहे, एकच आहे, वेळेत सापडली आहे. अशा गाठीला कापून काढणं हा एक रस्ता आणि जागच्या जागी जाळणं हा दुसरा. स्कॅनमध्ये बघत बघत एक लांब बारीक सुई कातडीतून थेट गाठीत न्यायची. तिच्या टोकातून लहरी निघतात, आपल्या स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्ये असतात तशाच. गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी कड शिजते. सुई बाहेर, वर एक पट्टी, बहुतेक लोक दुसऱ्या दिवशी घरी. आत्या, मी रोज बघते हे, तरी प्रत्येक वेळी नवल वाटतं. पडद्यावर सुईच्या टोकाभोवती बारीक बुडबुड्यांचा ढग उठतो ना, तेव्हा मला टाळ्या पिटाव्याशा वाटतात. हातमोजे असतात म्हणून गप्प बसते.

परवा तर आमच्याकडे स्वादुपिंडाची गाठ घेऊन एक बेकरीवाले आले होते. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला बिलगलेली, कापता येईना, जाळलं तर वाहिनी पोळणार. आमच्या मॅडमनी गाठीच्या चारी बाजूंनी सुया रोवल्या आणि त्यांच्यामधून विजेचे बारीक झटके दिले. गाठीतल्या पेशी मेल्या, वाहिनी शाबूत! सगळ्यांना हे जमत नाही, आणि त्यांचं औषधपाणी अजून पुष्कळ बाकी आहे. पण ते शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाले सांगू? "भट्टी कोण बघतंय?"

बाबांनी तुझा स्कॅन मला पाठवला. पाहिला. सगळं ठीक आहे. तुमच्या हॉस्पिटलात गेल्या वर्षी सुईचा विभाग निघालाय, तिथे जाऊन विचार. बाबांना सोबत ने, पण बोलू देऊ नकोस.

तुझी,
सुईबाई

---

२३ फेब्रुवारी

सुईबाई गं,

जाऊन आले. तुझ्या सुईवाल्या डॉक्टरचा चष्मा एवढा जाड की डोळे मागच्या मागे पोहत असतात. वयाने पोरगाच. पण बोलतो नीट. कागदावर लिव्हर काढली, त्यात गाठ काढली, मग सुई काढली आणि ती सुई काढताना स्वतःच खूश झाला. मी म्हटलं, ही माझ्या भाचीचीच जात दिसते.

त्यांची सगळ्यांची बैठक झाली. सर्जनही होता, आणि तो चक्क म्हणाला, आधी सुईने बघा, नाहीच जमलं तर मी आहे. मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

तुझा बाप मात्र फुरंगटला आहे. "गाठ आत ठेवून नुसती भाजायची? काढून ताटात दाखवली तर माणसाला खात्री पटते." मी म्हटलं, तुला ताटात बघून काय करायचंय? तेव्हापासून बोलत नाही. घरी येतो, माझ्याकडे ठेवलेल्या मोठ्या ड्रमला तेल लावतो, त्याची कातडी उगाच आवळतो आणि जातो. घाबरलाय. लहानपणी मी झाडावर चढले की हा खाली उभा राहून असाच गप्प व्हायचा.

तारीख मिळाली, नऊ मार्च. पूर्ण भूल नाही, थोडी गुंगी देणार. कारण म्हणे ते सांगतील तेव्हा श्वास मीच धरायचा. सुई आत जाताना लिव्हर हलता कामा नये.

सरावाला रोज जातेय. संथ चाल तोंडात बसायला लागली आहे. अगं, काय चाल आहे! शेवटचा सूर सोडताना सगळी बाग माझ्या मुठीत येणार, बघच तू.

आत्या

---

१ मार्च

भोंग्या,

घाईत लिहितेय, टपालाची वेळ झाली. श्वास धरायला सांगणार? मग तर सुंठीवाचून खोकला गेला! लोकांना आम्ही तास तास शिकवतो तरी त्यांचा श्वास मध्येच फुटतो. आणि तू? तुझ्याएवढा दम त्या इमारतीत कोणाकडे नसेल. दाखवून दे त्यांना!

दागिने घरी ठेव. पायमोजे ने, त्या खोल्या फार गार असतात. झाल्यावर उजवा खांदा दुखला तर घाबरू नकोस, छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याची कळ खांद्यात उमटते.

सगळं छान होणार. छानच होणार!

सुई

---

१० मार्च

सुईबाई,

झालं नाही.

तुला सविस्तर सांगते, कारण तुझ्या बापाने फोनवर काय सांगितलं असेल भगवंताला ठाऊक. मला स्कॅनच्या त्या सरकत्या टेबलावर निजवलं. पायमोजे होते. चष्मेवाला काचेपलीकडे. आतल्या भोंग्यातून बाईचा आवाज आला, "मोठा श्वास घ्या आणि धरा." मी घेतला. काय घेतला म्हणून सांगू! तू म्हणाली होतीस ना दाखवून दे. टेबल आत गेलं, बाहेर आलं. पुन्हा म्हणाले घ्या. पुन्हा घेतला, आधीच्यापेक्षा जोरदार. असं बरेचदा झालं. मग काचेपलीकडे दोघं-तिघं डोकी जोडून उभे राहिले.

चष्मेवाला आत येऊन माझ्या बाजूला बसला. म्हणाला, "आजी, सुईच्या वाटेत फुप्फुस येतंय. दर वेळी वेगळ्या जागी. गाठही दर वेळी वेगळ्या उंचीवर." मी म्हटलं, थोडा कमी घेते. कमी घेतला तर गाठ बरगडीआड गेली. मग मला काही सुचेना, कधी कमी कधी जास्त. तो म्हणाला, "अशात मी सुई घालणार नाही. फुप्फुसाला भोक पडलं तर वाईट होईल." बरोबरच आहे त्याचं. मी त्याला दोष देत नाही. सुई बाहेरच राहिली, आणि मी पायमोज्यांसकट घरी.

आता सर्जनकडे. अठ्ठावीस मार्च, ती मोठी रेघ. तुझा बाप बाहेर बाकावर बसला होता, मला वाटलं म्हणेल, मी सांगत होतो ना. त्याने नुसती माझी पिशवी उचलली आणि पुढे चालायला लागला. कोपऱ्यावर वळताना बघितलं तर डोळे पुसत होता.

शनिवारी मास्तरांकडे जाऊन खुर्ची परत करते. आपण होऊन उठलेलं बरं, कोणी उठवण्यापेक्षा.

मला फार वाईट वाटतंय गं. इतकं वाईट मला गाठ कळली तेव्हाही वाटलं नव्हतं.

आत्या

---

१३ मार्च, जलद टपालाने

आत्या, थांब! काही परत करू नकोस! मास्तरांकडे जाऊ नकोस! बाबांना फोन करून सांगितलंय, ते तुला ओरडून सांगतीलच, पण ते काय सांगतील याचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग जेवणाच्या टेबलावरून ताडकन उठले. तू कोणता श्वास घेतलास? वाजवायचा! आत्या, तू वाजवायच्या आधीचा श्वास घेतलास!

मी चार-पाच वर्षांची असताना तू सतरंजीवर उताणी निजून मला पोटावर बसवायचीस. म्हणायचीस, "विमान!" आणि नुसत्या श्वासाने मला वर उचलायचीस. आठवतंय? बाकीची माणसं छातीत वाटीभर हवा घेतात. तू पोटाच्या तळापर्यंत बादली भरतेस. तुझा तो छाती-पोटामधला पडदा इतका खाली येतो की लिव्हर खाली ढकलली जाते आणि मागोमाग फुप्फुसाची खालची कड उतरून थेट सुईच्या वाटेवर येऊन बसते. आणि दर वेळी वेगळ्या जागी का? कारण दर वेळी तू आधीपेक्षा जोरात घेतलास. मीच तुला सांगितलं होतं दाखवून दे. माझं डोकं कुठे होतं?

आणि आणखी एक. मी लिहिलं होतं 'सगळं ठीक आहे'. नव्हतं. गाठ लिव्हरच्या अगदी वरच्या घुमटात आहे, त्या पडद्याला लागून. अवघड जागा. तुझी झोप उडू नये म्हणून लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू तिथे शर्यत लावली नसतीस.

आता दोन प्रश्न, आणि खरी उत्तरं पाहिजेत. एक, तू ट्रम्पेट वाजवतेस हे त्या डॉक्टरांना माहीत आहे का? त्यांना नुसतं माहीत असतं तरी त्यांनी ओळखलं असतं. दोन, तुला असा एखादा श्वास घेता येईल का, जो लहान आहे आणि दर वेळी अगदी तेवढाच आहे? ना जास्त, ना कमी? फुप्फुस वर राहील आणि गाठ बरगडीखाली येईल, अशी मधली एकच जागा हवी. तिथे दर वेळी पोचता आलं पाहिजे.

येईल का गं?

तुझी,
सुई

---

१८ मार्च

सुईबाई, सुईबाई, सुईबाई!

आधी शिव्या दे. नाही, डॉक्टरला माहीत नव्हतं. काय करता म्हणून विचारलं तेव्हा मी म्हटलं, घरीच असते. का, तर मला धास्ती वाटली की वाजवते म्हटलं की तो म्हणणार, बंद करा. बंद करा ऐकण्यापेक्षा घरीच असते बरं वाटलं. तुझ्या बापासमोर म्हटलं आणि त्यानेही ब्र काढला नाही, कारण तू त्याला बोलू देऊ नकोस म्हणून लिहिलं होतंस! आता हस.

तुझा दुसरा प्रश्न वाचला आणि मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. लहान आणि दर वेळी तेवढाच? अगं, ती तर आमची रोजीरोटी! त्याला आम्ही चोरटा श्वास म्हणतो. लांब ओळ असते, मध्ये थांबायला जागा नसते, तेव्हा दोन सुरांच्या फटीत ओठाच्या कोपऱ्यातून इवलासा श्वास चोरायचा. जास्त घेतला तर पुढचा सूर फुटतो, कमी घेतला तर ओळ पुरत नाही. म्हणून तो ठरलेला असतो. आणि ऐकू आला तर तो चोरटाच नव्हे. संथ चालीत तिसऱ्या ओळीच्या शेवटी असा एक आहे. मी तो शेकडो वेळा घेतलाय, झोपेतही तेवढाच येईल.

तर मी ट्रम्पेटची पेटी उचलली, तुझ्या बापाला उचललं आणि दोघांना घेऊन सुईच्या विभागात. पहारेकरी म्हणाला, हे काय आहे? तुझा बाप म्हणाला, "हा तिचा रिपोर्ट आहे." आयुष्यात पहिल्यांदा बरोबर बोलला.

चष्मेवाल्याला सगळं सांगितलं. त्याने मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "आजी, हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?" मी मान खाली घातली. मग तो म्हणाला, "निजा." सोनोग्राफीची दांडी बरगडीखाली लावली. मी नुसतं माउथपीस ओठाला लावलं, डोळे मिटले आणि मनात तिसरी ओळ म्हटली. शेवटी आले, श्वास चोरला, थांबले.

"पुन्हा," तो म्हणाला. पुन्हा केलं. "पुन्हा!" पुन्हा केलं. डोळे उघडून बघते तर पडद्याकडे बोट दाखवून नर्सला हाक मारतोय, "इकडे या, इकडे या, हे बघा!" लिव्हरची कड दर वेळी त्याच रेघेवर येऊन उभी राहत होती. फुप्फुस वर, वाट मोकळी! नर्सने टाळी वाजवली. हातमोजे घालूनसुद्धा वाजते गं टाळी, तू उगाच गप्प बसतेस.

तो स्वतः सर्जनला फोन करायला धावला. अठ्ठावीसला आधी परत सुई, आणि नाहीच जमलं तर सर्जन त्याच दिवशी तयार. खुर्ची परत केली नाही. मास्तरांच्या दारापर्यंत गेले होते, तेवढ्यात तुझा बाप मागून धावत आला, धापा टाकत. काय ओरडला ते समजलं नाही, पण हात दोन्ही वर होते.

भोंगा

---

२८ मार्च

चि. पोरीस,

तुझी आत्या झोपली आहे म्हणून मी लिहितो. मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे.

झालं. सुई एकदाच घातली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, गाठ पूर्ण शिजली असं दिसतं आहे, फुप्फुसाला धक्का नाही. मी त्यांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही, त्यांना दुसरं काम होतं तरी. पट्टी माझ्या करंगळीएवढी आहे. मी दोनदा पांघरूण वर करून बघितली. एवढ्याशासाठी मी महिनाभर भांडलो.

ताटात काही दाखवलं नाही. तरी खात्री पटली.

बाबा

---

२ एप्रिल

सुईबाई,

घरी येऊन लोळतेय. थोडा ताप आला आणि गेला. उजवा खांदा दुखला, तू सांगितलं नसतंस तर मी म्हटलं असतं, यांनी चुकून खांदाच भाजला.

त्या दिवशीचं सांगते. गुंगी होती, पण गोड होती. काचेपलीकडून आवाज आला, "आजी, तुमची ओळ सुरू करा." मोठा श्वास घ्या नाही हं, तुमची ओळ! मी मनात वाजवायला लागले. शेवटी आले की श्वास चोरायचा आणि थांबायचं, ते स्कॅन बघायचे, सुई थोडी पुढे, मग "सोडा". पुन्हा ओळ. अशी कितीदा वाजवली कोण जाणे. शेवटी तो म्हणाला, "पोचलो." एवढाच शब्द. मला इतका आनंद झाला की हसू येत होतं, पण हसले तर लिव्हर हलली असती, म्हणून दाबून धरलं. आत ऊब जाणवली, थोडं दुखलंही, त्यांनी औषध वाढवलं. मग आठवत नाही.

आता महिन्याने स्कॅन. तोवर फुंकायचं नाही. माउथपीस तुझ्या बापाने खिशात घालून नेलंय, त्याचा माझ्यावर विश्वास नाही. बरोबर आहे.

आत्या

---

८ एप्रिल

आत्या, माझी आत्या,

बाबांचं पत्र आणि तुझं पत्र एकाच दिवशी आलं. मी ती घेऊन विभागातल्या चादरींच्या खोलीत गेले, दार लावलं आणि मनसोक्त रडले. मग बाहेर येऊन सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्या मॅडम कोणाचं कौतुक करत नाहीत. त्या म्हणाल्या, "हा श्वास मला शिकायचाय." आता आमच्याकडे श्वास धरायच्या आधी रुग्णाला विचारतात, तुम्ही काय करता? काल एक पोहायला शिकवणाऱ्या बाई निघाल्या. त्यांनाही "मोठा श्वास" म्हणायचं नाही, असं मी आधीच सांगून ठेवलं!

पण आत्या, नीट ऐक. तुझी लिव्हर जुन्या काविळीची आहे. नवी गाठ पुन्हा येऊ शकते. स्कॅन चुकवायचे नाहीत, कितीही बरं वाटलं तरी. आणि डॉक्टरांशी काही लपवायचं नाही. मीही तुझ्याशी लपवणार नाही. कबूल?

सुई

---

९ मे

सुईबाई,

कबूल! आणि आता कान उघडे ठेव. स्कॅन झाला. गाठीच्या जागी नुसता काळा गोल आहे, त्यात जिवंत काही नाही. चष्मेवाल्याने मला पडद्याजवळ नेऊन दाखवलं आणि म्हणाला, "आजी, वाजवा." म्हणजे हळूहळू वाजवा, पण ते हळूहळू मी ऐकलंच नाही. कानांचा काहीतरी उपयोग.

तुझ्या बापाने खिशातून माउथपीस काढून दिलं. पुसून ठेवलं होतं लबाडाने.

जून महिना यायला वेळ आहे आणि तुला रजा नाही. तर असं करू. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी सकाळी तुझा बाप तुला फोन लावेल आणि ट्रम्पेटसमोर धरेल. तू काही बोलू नकोस, मला ऐकू यायचं नाही. मला फोन ऐकू येत नाही, पण फोनला मी ऐकू येते की नाही? नुसती ऐक.

भोंगा

---

१८ मे

आत्या,

ऐकलं.

मी वॉर्डात होते. फोन मोठ्या आवाजात लावून खिडकीत ठेवला. पहिला सूर आला आणि नर्स हातातली बाटली धरून जागच्या जागी उभी राहिली. पलंगावरच्या आजोबांनी टीव्ही बंद केला. संथ चाल, अख्खी, पहिल्या सुरापासून ते शेवटच्या सुरापर्यंत, जो तू सोडतच नव्हतीस. मी तोंडावर हात दाबून उभी होते. मागून बाबांचा आवाज आला, "संपलं, ताई, संपलं, सोड आता!" आणि सगळा वॉर्ड हसला आणि रडला.

आणि आत्या, तिसऱ्या ओळीच्या शेवटी मला तो ऐकू आला. तुझा चोरटा श्वास. इवलासा. दोन सुरांच्या फटीत. मी जन्मात एवढं सुंदर काही ऐकलेलं नाही.

तुझीच,
सुई

---

२३ मे, पोस्टकार्ड

ऐकू आला?! कसा ऐकू आला? चोरटा श्वास ऐकू येता कामा नये, हे तुला सांगितलं होतं की नाही! म्हणजे दीड महिन्यात माझे ओठ पार बिघडले. बाग भरलेली असेल, सगळ्यांना ऐकू गेला तर पहिल्या खुर्चीची अब्रू काय राहील? मास्तरांना आत्ताच सांगून आले, उद्यापासून सकाळ-संध्याकाळ सराव. लांब पत्र लिहायला वेळ नाही. तू जूनमध्ये रजा मिळव, काहीही कर, पहिल्या रांगेत बस आणि कान देऊन ऐक. या वेळी ऐकू आला तर मला सांग.

आ.